फेंगडे पाय आणि कॅल्शियमची बाटली

शनिवारी सकाळी मुंबई-पुण्याच्या गाड्या कार्ला फाट्याला वळू लागल्या, की त्यांतल्या काहींच्या मागच्या काचेतून एखादं केसाळ तोंड बाहेर डोकावत असतं. शित्झू, पग, पॉमेरेनियन, क्वचित डॅशहुंड. मंडळी एकवीरा आईच्या दर्शनाला आणि लेणी बघायला डोंगर चढू लागली, की पाच-पन्नास पायऱ्यांतच हे पाहुणे धापा टाकतात आणि काखोटीला जाऊन बसतात. हार-नारळाच्या दुकानांपाशी लोळणारी गावठी कुत्री मात्र कुणीतरी बिस्किट टाकेल या आशेवर त्याच पायऱ्या दिवसभर वरखाली करत असतात.

दोघांकडे समोरून, जरा खाली वाकून पाहावं. गावठी कुत्र्याचे पुढचे पाय खांद्यापासून पंजापर्यंत सरळ उतरतात. शित्झूचे कोपर अंगापासून सुटलेले, मनगटं एकमेकांकडे झुकलेली आणि पंजे बाहेर वळलेले. बंगल्याचा माळी म्हणतो, ‘याचे पाय फेंगडे आहेत.’ मालकीणबाई म्हणतात, ‘यांची जातच तशी.’ शेजारच्या बंगल्यातले काका सांगतात, ‘कॅल्शियम कमी पडतंय, बाटली आणा.’ तिघांचंही थोडंथोडं बरोबर असू शकतं आणि घोळ तिथेच होतो. कारण बाहेरून सारखा दिसणारा हा बाक निदान तीन वेगवेगळ्या वाटांनी येतो. एकात काहीच करायचं नसतं, एकात जेवण सुधारायचं असतं आणि एकात प्रत्येक आठवडा मोलाचा असतो. बाटली मात्र तिन्हींत आणली जाते.

जातीचा बाक आधी पाहू. डॅशहुंड, बॅसेट हाउंड, कॉर्गी, पेकिंगीज यांचे पाय आखूड का, याचं उत्तर २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानवी जीनोम संशोधन संस्थेत हायडी पार्कर, इलेन ऑस्ट्रँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आखूड पायांच्या १९ जाती तपासल्या. त्या सगळ्यांत वाढीशी संबंधित एका जनुकाची, ‘एफजीएफ-४’ची, एक जादा प्रत सापडली. ही प्रत कुत्र्यांच्या इतिहासात फार पूर्वी एकदाच तयार झाली असावी आणि मग माणसाने तिची निवडून निवडून पैदास केली. या प्रतीमुळे लांब हाडांच्या टोकांची कूर्चा लवकर आवरती घेते. हाड लांबीला कमी राहतं, जाडीला भरतं आणि थोडं वळतं. पुढे २०१७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांना याच जनुकाची आणखी एक जादा प्रत, दुसऱ्याच गुणसूत्रावर, सापडली. तीही पाय आखूड करते. पण शिवाय मणक्यांमधल्या चकत्या तरुणपणीच कडक करून टाकते. डॅशहुंडांपैकी साधारण पाचातल्या एकाला आयुष्यात कधीतरी पाठीचं दुखणं गाठतं, त्याचं मूळ इथे आहे. म्हणजे डॅशहुंडवाल्याने काळजी करायचीच असेल तर पायांच्या बाकापेक्षा पाठीची करावी.

हा बाक माणसांनी हौसेने मागून घेतलेला आहे. १८६० साली इंग्रज-फ्रेंच फौजांनी पेकिंगचा उन्हाळी राजवाडा लुटला, तेव्हा तिथली पेकिंगीज कुत्री इंग्लंडात पोहोचली. त्यांतली एक व्हिक्टोरिया राणीला नजर झाली आणि तिचं नाव, लाजलज्जा न बाळगता, ‘लूटी’ ठेवलं गेलं. अमेरिकन केनल क्लबच्या निकषात आजही लिहिलेलं आहे की पेकिंगीजच्या पुढच्या पायांच्या हाडांना कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान बेताचा बाक असावा. म्हणजे बाक नसणं हाच दोष! २००८ मध्ये बीबीसीने खानदानी कुत्र्यांच्या आजारांवर एक खळबळजनक माहितीपट दाखवला, त्यानंतर ब्रिटनच्या केनल क्लबला आपले निकष तपासायला घ्यावे लागले. आपल्याकडे असं काही घडलेलं नाही. ‘हम आपके हैं कौन’मधला टफी १९९४ साली घराघरांत पोहोचला आणि पांढऱ्या स्पिट्झला मागणी आली. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतला पग एका मुलामागे चालत राहिला आणि पगच्या पिल्लांचे भाव चढले. पिल्लाचे आईबाप कसे चालतात, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

गावठी कुत्र्याचे पाय सरळ आहेत, त्यात पुण्याईचा काही भाग नाही. ज्याचे पाय धड नव्हते ते गाडीखाली, बिबट्याच्या तोंडात किंवा उपासमारीत गेलं. उरलेल्यांची वंशावळ पुढे चालली. मावळातल्या रानाने त्यांची निवड केली, शित्झूची निवड दिवाणखान्याने केली.

तर जातीचा बाक ओळखायचा कसा? तो दोन्ही पायांत सारखा असतो. लहानपणापासून हळूहळू दिसत जातो. आणि मुख्य म्हणजे कुत्रं लंगडत नाही. धावतं, खेळतं, पाय दाबला तर ओरडत नाही. अशा कुत्र्याचा पाय सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये. वजन आटोक्यात ठेवावं, नखं वेळच्या वेळी कापावीत, कारण वाढलेली नखं बोटं आणखी बाहेर ढकलतात. बस.

आता दुसरी वाट, आणि ही खरी धोक्याची.

कोपरापासून मनगटापर्यंत कुत्र्याच्या पुढच्या पायात दोन हाडं शेजारी शेजारी असतात. पुढचं रेडियस, मागचं अल्ना. शरीराचा बहुतेक भार रेडियस उचलतं, अल्ना कोपराचा सांधा सांभाळते. वाढत्या वयात या हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची पातळ पट्टी असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड लांबीला वाढतं ते या पट्टीतूनच. रेडियसची वाढ वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही पट्ट्यांत वाटलेली आहे. अल्नाचं तसं नाही. तिची सुमारे ८५ टक्के वाढ मनगटाजवळच्या एकाच पट्टीतून होते. त्यातून कुत्र्याची ही पट्टी सपाट नसते, शंकूसारखी आत घुसलेली असते. सपाट पट्टीला बाजूने धक्का बसला तर ती सरकते. शंकूच्या पट्टीला सरकायला जागाच नसते, म्हणून ती चेंगरते.

चेंगरलेली पट्टी वाढणं थांबवते. शेजारचं रेडियस मात्र वाढतच राहतं. अल्ना मग धनुष्याच्या दोरीसारखी ताणून धरते आणि रेडियस कमानीसारखं पुढे वाकतं. पंजा बाहेर वळतो. कोपरात दोन्ही हाडांच्या पातळ्या जुळेनाशा होतात आणि सांधा निखळू लागतो. पिल्लाला नंतर जे दुखतं ते बऱ्याचदा वाकलेल्या हाडाचं नसतं, बिघडलेल्या कोपराचं असतं.

लबाडी अशी की इजेच्या दिवशी काहीच दिसत नाही. टोरांटोच्या रॉबर्ट साल्टर आणि रॉबर्ट हॅरिस या डॉक्टरांनी १९६३ मध्ये मुलांच्या ग्रोथ प्लेटच्या इजांचे पाच प्रकार पाडले. प्राण्यांचे डॉक्टरही तीच वर्गवारी वापरतात. चेंगरण्याचा प्रकार त्यात पाचवा, आणि तो पहिल्या एक्स-रेत बहुधा सापडत नाही, कारण तुटलेलं काही नसतंच. चार महिन्यांचं पिल्लू सोफ्यावरून उडी मारतं, किंचाळतं, दोन दिवस लंगडतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा उड्या मारू लागलं की घरचे म्हणतात, ‘बरं झालं, मुरगळलं होतं.’ तीन-चार आठवड्यांनी कुणाच्या तरी लक्षात येतं की एक पाय दुसऱ्यासारखा दिसत नाही.

म्हणून नियम सोपा ठेवावा. बाक एकाच पायाला असेल, किंवा पडल्या-आपटल्यानंतर काही आठवड्यांत आलेला असेल, तर कॅल्शियम, मालिश, हळदीचा लेप यांत वेळ घालवू नये. लहान जातींच्या ग्रोथ प्लेट साधारण आठव्या ते दहाव्या महिन्यापर्यंत मिटत येतात. पाच-सहा महिन्यांच्या आत निदान झालं तर शस्त्रक्रिया तुलनेने साधी असते. सर्जन अल्नाचा एक छोटा तुकडाच कापून काढतो आणि त्या फटीत कुत्र्याच्याच अंगातली चरबी भरतो, म्हणजे हाड पुन्हा सांधत नाही. दोरी कापली की कमान मोकळी होते. रेडियसमध्ये जेवढी वाढ शिल्लक असेल तेवढी ते सरळ होत जातं, कोपरावरचा ताणही उतरतो. वाढ संपल्यावर आलेल्या कुत्र्याला हा मार्ग बंद. मग रेडियस कापून, कोन मोजून, वळवून प्लेट आणि स्क्रूंनी बसवावं लागतं, किंवा बाहेरून कड्यांची चौकट लावावी लागते. ही कड्यांची पद्धत रशियातल्या कुर्गानच्या गाव्रिल इलिझारोव्ह यांनी युद्धात जखमी झालेल्या माणसांच्या मोडक्या पायांवर घडवली. आज ती शित्झूच्या बोटभर हाडालाही लावता येते. खर्च आणि त्रास दोन्ही कितीतरी पटींनी जास्त.

पॉमेरेनियन, चिवावा, टॉय पूडल या चिमण्या जातींची कथा थोडी निराळी. त्यांचं हाड चेंगरण्याऐवजी थेट मोडतं, तेही मनगटाच्या जरा वर. मांडीवरून मारलेली उडी पुरते. त्या जागी हाड काडीसारखं बारीक, भोवती मांस जवळजवळ नाही आणि रक्तपुरवठाही तुटपुंजा. नुसतं प्लास्टर घातलं तर अशी हाडं पुष्कळदा जुळतच नाहीत किंवा वाकडी जुळतात. गावात हाड बसवणारा जाणकार असतो, बैलाचा किंवा शेळीचा पाय त्याने बसवलेलाही असतो. पण दोन किलोच्या कुत्र्याचं हे हाड त्याच्या हाती देऊ नये.

तिसरी वाट ताटलीतून येते. आपल्याकडे पिल्लू घरी आलं की पहिलं जेवण ठरलेलं: दूध-पोळी. मावळात दूध-भात. पोटभर, पांढरंशुभ्र, सात्त्विक आणि वाढत्या हाडांसाठी अपुरं. हे कसं, ते समजायला शंभर वर्षं मागे जावं लागतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडातल्या कामगार वस्त्यांमध्ये मुडदूस झालेली मुलं जिकडेतिकडे दिसत होती. एडवर्ड मेलनबी या संशोधकाकडे कारण शोधण्याचं काम आलं आणि त्यांनी ते कुत्र्यांच्या पिल्लांवर शोधलं. साय काढलेलं दूध, पाव, लापशी अशा आहारावर पिल्लं घरात ठेवली. त्यांचे पाय वाकले. कॉड माशाच्या यकृताचं तेल दिलं. पाय वाकायचे थांबले. १९१९ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि त्यातूनच पुढे ‘ड’ जीवनसत्त्वाचा शोध लागला. जगभरच्या मुलांच्या सरळ पायांमागे ही वाकलेल्या पायांची पिल्लं आहेत, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

मेलनबींना आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसली. आहारात धान्य जितकं जास्त, विशेषतः ओट, तितका मुडदूस वाईट. पुढे १९३०च्या दशकात त्याचा उलगडा झाला. धान्याच्या कोंड्यातलं फायटिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवतं आणि ते न पचताच बाहेर जातं. म्हणजे दुधात कॅल्शियम आहे, पण कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या चार पोळ्या त्यात कुस्करल्या तर त्यातला बराच वाटा पोळीच खाते. भाकरीचंही तेच.

मग पिल्लाला कोवळ्या उन्हात बसवावं का? तान्ह्या बाळाला तेल लावून उन्हात धरणाऱ्या आजीबाई तेच सुचवतील. पण इथे कुत्रं माणसाच्या वाटेने जात नाही. हॉलंडमधल्या उट्रेक्टच्या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवून दिलं की कुत्र्याच्या आणि मांजराच्या कातडीत ऊन पडून ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसं तयारच होत नाही. ते तोंडावाटेच मिळावं लागतं, अंड्याच्या बलकातून, यकृतातून, तेलकट माशांतून. ऊन खुशाल खाऊ द्यावं, त्याला आवडतं. हाडांना त्याचा उपयोग नाही.

दुसरं टोक गाठणारेही आहेत. ‘कुत्रं मांसाहारी’ म्हणून नुसती बोनलेस चिकन उकडून घालणारे. शंभर ग्रॅम चिकनमध्ये कॅल्शियम जेमतेम दहा-पंधरा मिलिग्रॅम असतं आणि फॉस्फरस दोनशेच्या आसपास. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच हवं असतं. ही तूट भरून काढायला शरीर हाडांतूनच कॅल्शियम ओढतं. हाडं कागदासारखी पातळ होतात आणि चालता चालता दुमडतात. अशी पिल्लं उठायला तयार नसतात, उचललं की केकाटतात. त्यांचा बाक औषधाने नाही, जेवणाने सुधारतो, तोही पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती देऊन.

इथे कुठे तरी काकांच्या बाटलीला जागा आहे, हे मान्य करायला हवं. घरचं शिजवलेलं जेवण देत असाल तर कॅल्शियम वेगळं घालावंच लागतं. अंड्याच्या टरफलाची बारीक पूडसुद्धा चालते. मात्र ते किती, हे कुत्र्याच्या वजनावर आणि बाकीच्या ताटावर ठरतं, म्हणून डॉक्टरकडून माप घ्यावं. उलट पिल्लांसाठीचं चांगलं तयार खाद्य देत असाल तर त्यात सगळं मोजून घातलेलं असतं. त्यावर आणखी बाटली ओतणं म्हणजे हिशेब बिघडवणं. पिल्लाचं आतडं पहिल्या काही महिन्यांत जादा कॅल्शियमला नाही म्हणू शकत नाही. ग्रेट डेनच्या पिल्लांना जास्त कॅल्शियम दिलं तेव्हा त्यांच्या ग्रोथ प्लेट बिघडल्या आणि पाय वाकडे झाले. छोट्या पूडलवर तितका वाईट परिणाम दिसला नाही. पण ‘वाकडा पाय म्हणजे कॅल्शियम’ हे समीकरण वाकडा पाय घडवूही शकतं, एवढं त्यातून नक्की कळतं.

जेवणाइतकंच दुर्लक्ष होतं ते फरशीकडे. कार्ले, मळवली, वाकसई या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत उभे राहिलेले बंगले आतून बघावेत: भिंतीपासून भिंतीपर्यंत चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स. मावळातला पाऊस सुरू झाला की पिल्लू बाहेर काढायची सोय नसते आणि चार महिने ते त्याच आरशावर घसरत राहतं. दीड ते चार महिन्यांच्या काही पिल्लांची मनगटं अशा वेळी अचानक ढिली पडतात. पाय पुढे दुमडतो किंवा मनगट जमिनीला टेकतं, बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. गंमत म्हणजे हे बहुतेकदा आपोआप जातं. टाइल्सवर रबरी चटया किंवा जुनी सतरंजी पसरावी, जेवण समतोल करावं, रोज थोडा वेळ मातीवर किंवा गवतावर चालवावं. दोन ते चार आठवड्यांत फरक दिसतो. घाईने लाकडी पट्ट्या बांधल्या तर स्नायू आणखी दुबळे होतात. शेणाने सारवलेल्या अंगणात वाढलेल्या पिल्लाला हा प्रश्न सहसा येत नाही.

जाणता डॉक्टर अशा कुत्र्याला लगेच टेबलावर घेत नाही. आधी दाराबाहेर चालवायला लावतो, समोरून आणि मागून बघतो. कोणता पाय टेकताना डोकं वर जातं ते पाहतो, कारण दुखऱ्या पुढच्या पायावर भार पडताना कुत्रं मान उचलतं. मग टेबलावर. एका हाताने कोपर धरून दुसऱ्याने मनगट दुमडतो, पंजा आतबाहेर फिरवतो, आणि या सगळ्यात पायाकडे न बघता कुत्र्याच्या तोंडाकडे बघत असतो. ओठ चाटले, मान वळवली, श्वास रोखला तर दुखतंय. शेवटी एक्स-रे. तोही दोन्ही पायांचा, समोरून आणि बाजूने, कोपर आणि मनगट एकाच चित्रात येतील असा. एकाच पायाचा एकच एक्स-रे काढून ‘ठीक आहे’ म्हटलं असेल तर पुन्हा काढून घ्यावा.

मावळातले सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-म्हशी, बैल आणि शेळ्या-कोंबड्यांसाठी आहेत आणि त्यांनी तसंच असावं. कुत्र्याच्या हाडांच्या कामासाठी पुणं गाठावं लागतं, नाहीतर पुणं ओलांडून शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय, किंवा घाट उतरून परळ. परळला १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय. मुंबईहून विकेंडला येणाऱ्यांनी पिल्लू पडल्याचं रविवारी कळलं तर सोमवारी हा रस्ता धरावा, पुढच्या सुट्टीची वाट पाहू नये.

पिल्लू अजून घ्यायचंच असेल तर काम आणखी सोपं. कुत्र्यांच्या पैदाशीबाबत केंद्र सरकारने २०१७ मध्ये केलेल्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. नोंदणीचा कागद मागावा. मग पिल्लाच्या आईला, आणि बाप तिथेच असेल तर त्यालाही, फरशीवर नाही, अंगणात मातीवर आणायला सांगावं. दहा पावलं दूर नेऊन आपल्याकडे बोलवावं आणि उकिडवं बसून तिचे पुढचे पाय पाहावेत. ती लंगडत असेल, एकच पाय वाकडा असेल किंवा विकणारा तिला बाहेर काढायला टाळाटाळ करत असेल, तर पिल्लू कितीही गोंडस असलं तरी परत फिरावं.